कोणाचीच नसलेली सोलणी

मित्रांनो, शिंगाडे सोलणारी एक जुनी मशीन म्हणजे मी. कमरेइतकी उंच, लोखंडाची, एका बाजूला हाताने फिरवायची दांडी. बायकांनी माझं नाव 'सोलणी' ठेवलं आणि तेच मला चिकटलं. आज मी आमगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभी असते. अंगावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या असतात. कोणी मला हलवत नाही, विकतही नाही.

उकडलेले शिंगाडे तुम्ही मिटक्या मारत खाल्ले असतील. उपासाच्या दिवशी त्याच्या पिठाचा शिराही खाल्ला असेल. पण तो पांढरा गर टरफलातून बाहेर कसा येतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? शिंगाड्याला दोन्ही बाजूंना काटे असतात. टरफल काळं, चिवट, आणि त्याचा डाग हातावरून लवकर जात नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी बोड्या आहेत. बोडी म्हणजे पाण्याचं लहान तळं. दिवाळीच्या आगेमागे बायका या बोड्यांच्या पाळीवर बसून दिवसभर शिंगाडे सोलत. त्या दिवसांत त्यांची बोटं कायम चिरलेली असत.

माझा जन्म अशाच दोन हातांमुळे झाला. ते हात देवकाबाईचे.

देवकाबाई गोरेगावकडची. तिच्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बोडीत शिंगाडा लावत. १९९९ साली ती शिंगाडे उकडायच्या कढईचा तुटलेला कान जोडून घ्यायला आमगावला आली. वेल्डिंगचं वर्कशॉप होतं डोमनलाल कटरे यांचं. डोमनलाल हे पोवार शेतकऱ्याच्या घरातले, पण धानाच्या बांधीपेक्षा, म्हणजे भातशेतीपेक्षा, लोखंडात त्यांचा जीव जास्त रमायचा. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याचे पंप, जे येईल ते करायचे. कढई हातात घेताना त्यांचं लक्ष बाईच्या बोटांकडे गेलं.

"बाई, बोटाले काय झालं?"

"शिंगाडे सोलून राहिली ना, दादा. दुसरं काय होणार."

"काऊन, विळ्यानं नाही जमत?"

"विळ्यानं गर कटते. कटला का व्यापारी हात लावत नाही."

डोमनलालनी कढई जोडून दिली. बाई निघून गेली. पण ती बोटं काही त्यांच्या डोळ्यांपुढून जाईनात. त्यांनी बाजारातून पोतंभर शिंगाडे आणले आणि बायको रामकलीच्या स्वयंपाकघरातली विळी उचलून वर्कशॉपमध्ये नेली.

टरफलाला चीर पाडणं सोपं होतं. दोन पाती समोरासमोर लावली की चीर पडत होती. खरी अडचण पुढची होती. एक शिंगाडा सुपारीएवढा तर दुसरा लिंबाएवढा. दोन रुळांमध्ये दाबून गर बाहेर काढायला जावं, तर लहान शिंगाडा तसाच खाली पडे आणि मोठ्याचा चुरा होई. दोन हंगाम यातच गेले. रामकली म्हणायची, "अजी, लोकायचे गेट पडून आहेत आन तुमी शिंगाड्याचा भुगा करून राहिले." मात्र तोच भुगा वाळवून ती त्याचं पीठ करायची. त्यांच्या घरी तेव्हा उपास नसतानाही शिंगाड्याची भाकरी असे.

मग एकदा भंगारात आलेल्या स्कूटरची स्प्रिंग डोमनलालच्या हाताला लागली. त्यांनी ती दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. दोन रुळांपैकी एक पक्का न बसवता त्यांनी तो स्प्रिंगवर डुलता ठेवला. वर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. आता शिंगाडा मोठा आला की रूळ मागे सरायचा, लहान आला की पुढे यायचा. आईने बाळाचा गाल दाबावा तसा दाब पडायचा. पांढराशुभ्र अख्खा गर माझ्या तोंडातून खाली टोपल्यात पडला, तेव्हा डोमनलालनी तो उचलून उजेडात धरला. त्यांनी रामकलीला हाक मारली आणि तो गर तिच्या तळहातावर ठेवला.

मित्रांनो, तो डुलता रूळ म्हणजेच मी. बाकीचं लोखंड कोणीही जोडलं असतं.

घाईत एक चूकही झाली होती. माझ्या डाव्या पत्र्यात एक छिद्र भलत्याच जागी पडलं. त्याचा काहीच उपयोग नव्हता. डोमनलाल म्हणाले, "राहू दे, नजर नाही लागणार."

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. डोमनलालनी मला गोरेगावच्या आठवडी बाजारात नेलं. देवकाबाईने दांडी फिरवली आणि भोवती बायकांचा घोळका जमला. "एकडाव मले फिरवू दे," "माह्या बहिणीले दाखवाची आहे," असा गलका. डोमनलालनी माझ्यासारख्या आणखी मशीन केल्या आणि बोडीवरच्या बायकांना बेताच्या किमतीत विकल्या. ज्याला बघायचं त्याला झाकण उघडून आतलं सगळं दाखवत. लपवण्यासारखं त्यात काही असतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

२००४ साली गोंदियाच्या शेतकरी मेळाव्यात मला मंडपात मांडलं. डोमनलालना शाल-श्रीफळ मिळालं. वर्तमानपत्रात आमचा फोटो छापून आला, मी पुढे आणि ते मागे. गर्दीतले एक मास्तर म्हणाले, "कटरेजी, याचं पेटंट काढून घ्या." डोमनलाल हसले. पेटंट हा मोठ्या कंपन्यांचा शब्द, असं त्यांना वाटे.

पण तो शब्द मागे उभ्या असलेल्या एकाने नीट ऐकला. तो भुपेंद्र. गोंदियात त्याचं पंप आणि फवारणीयंत्रांचं दुकान होतं. डोमनलाल वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच बेअरिंग आणि वेल्डिंगच्या कांड्या घेत. दोघांची चांगली ओळख होती, घरच्या लग्नकार्यांना येणं-जाणं होतं.

काही दिवसांनी तो गाडी घेऊन वर्कशॉपवर आला.

"डोमनभैया, ये मास्तर सही बोला. पेटंट तो होना ही चाहिए. मैं करवा देता हूं. नागपुरात माझी ओळख आहे. तुम्ही फक्त मशीन द्या, फोटो-नकाशे काढावे लागतात."

"आन माहं काही सही-बिही?"

"बाद में. अभी तो अर्जी की तैयारी है."

रामकली चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काही लिहून तरी घ्या ना."

डोमनलालनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "लिहून कायले? आपलाच मानूस आहे."

मला गाडीत चढवलं. गोंदियाबाहेर एका नव्या शेडमध्ये मी बरेच दिवस होते. तिथे माझा एकेक नट उघडला गेला. मापं घेतली, कागदावर उतरवली. कोणी मला इजा केली नाही. तेल घातलं, पुसलं, पुन्हा जोडलं. तरी मला तिथे भीती वाटत होती, कारण एवढ्या दिवसांत डोमनलालचं नाव कोणाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

भुपेंद्रने मला परत आणून सोडलं तेव्हा म्हणाला, "काम चालू आहे. सरकारी काम, टाइम लगता है."

डोमनलाल वाट पाहत राहिले. कोणी विचारलं की म्हणत, "होऊन राहिलं."

मित्रांनो, इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं, कारण माझं नशीब त्यातच अडकलं. नवीन काही शोधून काढलं तर आपल्या देशाचा कायदा शोधणाऱ्याला वीस वर्षांचा हक्क देतो. त्या काळात त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू कोणी बनवू शकत नाही, विकू शकत नाही, धंद्यासाठी वापरूही शकत नाही. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज पुढे पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो आणि ज्याला हरकत असेल त्याने ती घ्यायची असते. भुपेंद्रचा अर्ज २००५ साली गेला. त्यात शोधणारा म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं होतं. जर्नलही छापलं गेलं. पण आमगावच्या वेल्डिंगच्या दुकानात ते कोण वाचणार? आणि दूर बसलेल्या तपासनीसाला गोरेगावचा आठवडी बाजार कुठून दिसणार? २००९ साली पेटंट मंजूर झालं.

डोमनलालना ते देवकाबाईकडून कळलं. ती धापा टाकत वर्कशॉपमध्ये आली.

"दादा, बाजारात तुमची सोलणी आली. हिरव्या रंगाची, मोटारवाली. पन विकनारा म्हन्ते का हे भुपेंद्रभाऊची हाय, आन आमच्या जुन्या मशिनी आता चालवाच्या नाई. गुन्हा होते म्हन्ते!"

डोमनलाल तसेच मोटारसायकलवर बसून गोरेगावला गेले. परत आले ते संध्याकाळी. वर्कशॉपच्या दारात उभे राहून ते माझ्या डाव्या पत्र्याकडे बघत राहिले. मग रामकलीला म्हणाले, "त्या नव्या मशीनले बी तो छेद आहे. त्याच जागी. चुकीचा छेद बी उतरून घेतला त्यानं."

रामकली भुपेंद्रला शिव्या देऊ लागली. ते मात्र शांत होते. मला ती शांतता आवडली नाही.

थोड्याच दिवसांत वकिलाची नोटीस आली. सोलणी बनवणं आणि विकणं बंद करा. बोडीवरच्या बायकांनाही तोंडी धमक्या येऊ लागल्या. काहींनी भिऊन माझ्या बहिणी गोठ्यात टाकून दिल्या आणि पुन्हा बोटांनी सोलायला बसल्या.

गोंदियात चेतना नावाची एक तरुण वकील होती. देवकाबाईच्या गावाकडचीच. ती वर्कशॉपमध्ये आली, माझ्याभोवती फिरली, त्या छिद्रात बोट घालून पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"काका, हे छिद्र म्हणजे त्याने तुमच्या मशीनची नक्कल केली याचा पुरावा आहे. पेटंट मंजूर होऊन वर्ष झालेलं नाही. अजून हरकत घेता येते."

"मंग घे, बेटी. माहं नाव लाव त्यावर."

चेतनाने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्यासमोर बसली.

"काका, अर्ज करण्याआधी तुम्ही ही मशीन कुठे-कुठे दाखवली?"

"कुठं नाही दाखोली! बाजारात, बोडीवर, मेळाव्यात. पेपरात फोटो आहे."

"तिथेच अडचण आहे. कायद्याला वस्तू नवीन लागते. अर्जाआधी ती लोकांनी पाहिली, वापरली, तर ती नवीन राहत नाही. मग कोणालाच पेटंट मिळत नाही. काही ठरावीक सरकारी प्रदर्शनांना सूट आहे, पण तुमचा मेळावा त्यात नव्हता. आणि बाजारात तर मशीन त्याआधीच विकली जात होती."

"पन त्यानं चोरली ना!"

"चोरली. पण तुमचं नाव लागलं, तरी उद्या कोणीही येऊन ते पेटंट पाडेल. मी खोटी आशा दाखवणार नाही. त्याचं पेटंट रद्द करता येईल. तुमचं होणार नाही."

डोमनलालनी तोंडावरून हात फिरवला. "म्हन्जे मी दाखोलो, म्हून माहं गेलं?"

चेतनाने मान खाली घातली. "हो, काका."

भुपेंद्रला हरकतीची कुणकुण लागली तेव्हा तो स्वतः आला. सोबत मिठाईचा डबा होता.

"भैया, झगडा कशाला? माझ्या कारखान्यात या. फोरमन करतो. पगार, मान, सब कुछ. तुम्हारी मशीन गांव में पडी रहती. मैंने उसको चार राज्यों में पहुंचाया. यह भी तो मेहनत है."

खरं सांगायचं तर तो अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याने मला दूर नेलं होतं, हे खरं. फक्त माझ्यावर नाव भलत्याचं टाकून.

"आन बायांच्या मशिनी?" डोमनलालनी विचारलं.

"वो तो बंद करनी पडेगी. कायदा है."

डोमनलालच्या पोरांची शिक्षणं व्हायची होती. नोटिशीनंतर वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईकं कमी झाली होती. फोरमनची नोकरी घेतली असती तर घर सावरलं असतं, आणि कोणी त्यांना नावंही ठेवली नसती. मला वाटलं, आता ते हो म्हणतील.

त्यांनी मिठाईचा डबा उचलला आणि भुपेंद्रच्या हातात परत दिला. "माह्यी नाही तं नाही. पन तुही बी नाही. बाया चालवतील."

हरकत दाखल झाली. वर्तमानपत्रातला फोटो जोडला. माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. देवकाबाई आणि आणखी बायकांनी प्रतिज्ञापत्रं दिली की २००५ च्या कितीतरी आधीपासून आम्ही ही मशीन चालवत होतो. ज्या साक्षींनी डोमनलालचा शोध खरा ठरत होता, त्याच साक्षींनी त्यांचा हक्क संपत होता. बायकांना हे कळत नव्हतं. त्या हौसेने अंगठे उठवत होत्या. डोमनलालना कळत होतं, आणि तेच त्यांना रिक्षात बसवून आणत होते.

निकालाला दोन वर्षांहून जास्त लागली. त्या काळात डोमनलाल दुसरं एक यंत्र करत होते. सालेकशाकडच्या जंगलात बायका मोहाच्या बिया गोळा करतात आणि तेलासाठी त्या दगडाने ठेचून फोडतात. ठेचताना बोटं सापडतात, नखं काळी पडतात. ते काम सोपं करणारं यंत्र त्यांच्या मनात होतं. अर्धा सांगाडा उभाही राहिला होता. तो माझ्याशेजारीच ठेवलेला असे. सुनावणीच्या बोलावण्यांमधून वेळ मिळाला की ते त्यावर हात चालवत, आणि तेवढाच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज दिसे.

चेतनाने ते पाहिलं तेव्हा हात जोडून सांगितलं, "काका, या वेळी कोणालाही दाखवू नका. आधी अर्ज. यंत्र अर्धवट असलं तरी चालतं. कल्पना लिहून तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण करायला वर्षभर मिळतं. मी सगळं करून देते."

"पाहू," ते म्हणाले.

२०१२ साली निकाल आला. भुपेंद्रचं पेटंट रद्द झालं. ही मशीन अर्जाआधीपासून लोकांना ठाऊक होती, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. चेतना पेढे घेऊन आली. देवकाबाई आली, चार-पाच बायका आल्या. "दादा, आपन जितलो!" असं त्या म्हणत होत्या. रामकलीने सगळ्यांना चहा दिला.

डोमनलालनी पेढा हातात धरून ठेवला. "बेटी, आता ही मशीन कोनाची?"

"कोणाचीच नाही, काका." तिने पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "म्हणजे, सगळ्यांची."

"भुपेंद्र बी बनवू शकते?"

"हो."

"आन दुसरे?"

"कोणीही."

आणि तसंच झालं. भुपेंद्रचा कारखाना बंद पडला नाही. त्याच्यासारखे आणखी दोन-तीन उभे राहिले. त्यांच्या मशीन स्वस्त, रंगीत, मोटारीच्या. डोमनलाल हाताने एकेक मशीन करणार, त्यांच्याशी कसे पुरे पडणार? बायकांनी नव्या मशीन घेतल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांची बोटं वाचली. देवकाबाई मात्र दिवाळीनंतर शिंगाड्यांची पिशवी घेऊन येते आणि थोडा वेळ बसते. सोलणीबद्दल दोघं बोलत नाहीत.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, डोमनलालनी गॅस कटर पेटवला. मला वाटलं, आता माझी वेळ आली. पण ते माझ्याजवळून पुढे गेले आणि त्यांनी तो मोहाच्या बियांचा सांगाडा कापायला घेतला. रामकली धावत आली.

"अजी, काय करून राहिले? चेतना म्हने ना अर्ज करू!"

"पाटलाच्या गेटाले पट्टी कमी पडून राहिली."

"दुसरी पट्टी आना ना! हे काऊन कापता?"

त्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला नाही. "आता डोक्यात काही येत नाही, रामकली. आलं तं भेव लागते."

लोखंडाचे तुकडे झाले. संध्याकाळपर्यंत ते गेटात बसले. त्यानंतर डोमनलालनी गेट केले, जाळ्या केल्या, पंप दुरुस्त केले. नवीन असं काही केलं नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. तुमच्यापैकी कोणाला कधी काही नवीन सुचेल. शेतात, दुकानात, आईच्या स्वयंपाकघरात. तेव्हा आनंदाने सगळ्यांना दाखवायची घाई होईल. थोडं थांबा. आधी त्याची नोंद करा, आपल्या नावाने अर्ज करा, आणि कोणी कितीही आपला असला तरी तुमच्या वतीने तो काय भरतो ते स्वतः वाचा. कायदा वाईट नाही. तो वेळेवर येणाऱ्याला सांभाळतो. पण उशिरा येणाऱ्याला त्याच्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नसतं. आणि तुमच्या गावात असा कोणी डोमनलाल असेल, तर शाल-श्रीफळ देण्याआधी त्याला हे सांगा. यंत्रं मोडली तर पुन्हा जोडता येतात. माणसाच्या मनात भीती बसली की ते मन पुन्हा काही जोडायला धजत नाही.

सालेकशाकडच्या बाया अजून दगडानेच बिया फोडतात.